जागा घराची, नाव मानसिंगचं

सूर्याजी भोईटे वीस वर्षं सरकारी नोकरीत होता आणि त्या वीस वर्षांत एकाही सरकारी कागदावर त्याचं नाव आलं नाही. कागदावर होता मानसिंगराव भोईटे, त्याचा थोरला भाऊ. मानसिंगराव अडतीस सालच्या थंडीत विषमज्वरानं गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. सूर्याजी अठरा.

ग्वाल्हेरात कंपूच्या, म्हणजे जुन्या छावणीच्या, मागच्या गल्लीतली ही घरं दक्षिणेतून फौजेबरोबर आलेली. शेती नाही, दुकान नाही. घराकडे असायची ती पलटणीतली एक जागा. बापाची मुलाला, थोरल्याची धाकट्याला. जागा माणसाची नाही, घराची, असं सगळे धरून चालत. त्यामुळे मानसिंगरावाचं तेरावं उरकलं त्या संध्याकाळी दोघांचे वडील, म्हातारे विश्वासराव, धाकट्याला म्हणाले, "उद्यापासून त्याचे बूट घाल."

बूट मोठे होते. पुढच्या बाजूला चिंध्या कोंबल्या. पलटणीतला सुभेदार नात्यातला होता. हजेरीला "मानसिंग" अशी हाक आली, सूर्याजीनं "हाजिर" म्हटलं, आणि सुभेदारानं वहीतून मान वर केली नाही. सूर्याजी नवी भरती म्हणून रांगेत उभा राहिला असता तर ती जागा दुसऱ्या कुठल्या घराला गेली असती. ती जाऊ नये म्हणून एक मेलेला माणूस नोकरीत राहिला. गल्लीला हे माहीत होतं. कागदाला नव्हतं.

घरात मानसिंगरावाची बायको होती, विजयाबाई. वीस वर्षांची, मूलबाळ नाही. कपाळ पांढरं, हात मोकळे. पलटणीच्या दप्तरात मात्र ती सवाष्ण होती.

चार वर्षांनी देवासची सुलोचना सूर्याजीशी लग्न होऊन आली. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. रविवारी दुपारी विजयाबाई दाराशी बसून चिंच आणि राख घेऊन टोपीवरचा पितळी बिल्ला घासत होती. नवी सून म्हणून सुलोचना पुढे झाली.

"द्या जाऊबाई, मी घासते."

विजयाबाईनं बिल्ला पदराआड घेतला. "हा तुझ्या नवऱ्याचा नाही. माझ्या नवऱ्याचा आहे. त्याचा नंबर आहे यावर."

सुलोचनाला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग विजयाबाईनंच घासता घासता सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. शेवटी म्हणाली, "माझा नवरा मेला तरी कामावर जातो. असा नवरा मिळायला पण नशीब लागतं, बाई."

"आणि माझा?"

"तुझा जिवंत आहे ना? मग तुला आणखी काय पाहिजे?"

त्या घरात नावांची अशी रीत पडली. सुलोचना नवऱ्याचं नाव घेत नव्हती, म्हणजे 'सूर्याजी' हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. पण दारावर शिपाई आला की ती खुशाल सांगायची, "मानसिंगराव घर पे नहीं हैं." विजयाबाई दिवसभर "सूर्याजीभाऊजी, सूर्याजीभाऊजी" करायची, पण शिपायासमोर तिची वाचा बसायची. शिपायांना वाटायचं, थोरली बाई मुकी आहे.

मग संस्थान गेलं. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची बारीकसारीक राज्यं मिळून मध्यभारत झाला. पलटणीतले काही जण मोठ्या फौजेत घेतले, उरलेल्यांना घरी पाठवलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत पुरुष दिवसाढवळ्या बाजेवर बसलेले दिसू लागले. तिकडे चंबळच्या बेहडात, त्या मातीच्या घळींत, डाकूंचा कहर, आणि ठाण्यांवर माणसं नाहीत. बारा शिपायांच्या ठाण्यात चार, आणि त्यातला एक आजारी. म्हणून पन्नास सालच्या उन्हाळ्यात फूलबागेजवळच्या मैदानात पोलीस भरतीची टेबलं लागली.

आदल्या दिवशी सूर्याजी जेवायला बसला होता. सुलोचनानं भाकरी वाढली आणि तवा तसाच चुलीवर ठेवून समोर येऊन बसली. तोवर तिला उषा आणि कुसुम या दोन मुली झाल्या होत्या.

"पलटण मोडली ना? मग ते नाव पण मोडा आता. उद्या आपलं नाव लिहवा."

"वेडी आहेस का? बारा वर्षं कवायत कोणी केली?"

"तुम्ही."

"कागदावर कोणी केली?"

सुलोचनानं त्याच्या ताटात मीठ वाढलं.

"जुना सिपाही म्हणून गेलो तर सरळ नाईक घेतात. नवा म्हणून गेलो तर रंगरूट. त्या काल मिसरूड फुटलेल्यांच्या रांगेत उभं राहून मी दाहिने मुड़, बाएँ मुड़ शिकू? मी शिकवतो ते?"

"शिका की. नऊ महिन्यांचा प्रश्न आहे. पुढचा सगळा जन्म माझी आणि पोरींची नावं नीट राहतील. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर सरकार कोणाला ओळखणार? मला?"

आतून विजयाबाईचा भांडी घासायचा आवाज येत होता तो थांबला. थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

दुसऱ्या दिवशी मैदानात टेबलामागचा अधिकारी इंदूरकडचा होता. घामानं त्याचा कागद ओला झालेला. त्यानं विचारलं, "पुराने हो या नए? नाम जो बोलोगे लिख लेंगे, भाई, आदमी चाहिए."

इतकी मोकळी संधी पुन्हा येणार नव्हती. सूर्याजीनं छाती काढली आणि म्हणाला, "मानसिंगराव विश्वासराव भोईटे. पुराना."

त्याला नाईक घेतलं आणि शहराबाहेर माळावर तंबू ठोकून नवं ट्रेनिंग केंद्र काढलं होतं तिथे उस्ताद नेमलं, म्हणजे रंगरूटांना कवायत आणि बंदूक शिकवणारा. या कामात तो खरोखर हुशार होता. ओरडायचा नाही. रंगरूटाच्या मागे जाऊन उभा राहायचा आणि टाचेला टाच लावून पाय मिळवून द्यायचा. नावं तो कधी विचारत नसे. ज्याचं जे गाव, ते त्याचं नाव. "अरे ओ भिंड, पेट अंदर." "जौरा, ये बंदूक है, झाडू नहीं." नावाचं त्याला एकूणच प्रेम नव्हतं.

ट्रेनिंग नऊ महिन्यांचं होतं. वरून कागद यायचा, माणसं पाठवा. मग ते सहा महिन्यांचं झालं. पुढे चार. सूर्याजी साहेबांना सांगायचा, "हुजूर, अजून कच्चे आहेत." साहेब म्हणायचे, "उस्ताद, ठाणेदार कच्चेच मागतायत. पिकेपर्यंत ठाणी राहतील का?"

आणि पाठवलेले टिकत नव्हते. बेहडातल्या ठाण्यावर दोन महिने काढले की पळून घरी. कोणाची आई आजारी, कोणाची कापणी आलेली, कोणाला सरळ भीती वाटलेली. त्यांना परत आणायचं कामही उस्तादाकडेच आलं, कारण पोरं त्याचं ऐकत. तो मोटारीनं, बैलगाडीनं गावोगाव जायचा, अंगणात बाजेवर बसून ताक प्यायचा आणि पळालेल्याच्या आईला समजवायचा. अंबाह गावची एक म्हातारी त्याला म्हणाली होती, "तुम कहते हो मेरा लड़का शेर है. शेर है तो घर की रखवाली करे. सरकार को अपने शेर नहीं मिलते?"

या अंबाहवाल्याला त्यानं दोनदा परत आणलं. डावखुरा गडी, बंदूक उजव्या खांद्याला टेकवताना नेहमी गोंधळायचा. घरी येऊन सूर्याजी हसत सांगायचा, "त्याला विचारलं, का पळतोस रे? तर म्हणतो, उस्ताद, पैर तो मिल जाता है, मन नहीं मिलता."

सुलोचना पोळी लाटता लाटता म्हणाली, "खरंच बोलला तो. त्याला परत आणायला सरकार माणूस पाठवतं. तुम्हाला आणायला कोणाला पाठवू?"

"मी कुठे पळालोय?"

"तुम्हीच शोधा."

छप्पन सालच्या नोव्हेंबरात पुन्हा सगळं मोडून नवं मांडलं. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला. ग्वाल्हेर, रीवा, जबलपूर, सगळीकडचे पोलीस एका यादीत लावायचे होते. कोण कोणाच्या वर, कोण खाली. त्यासाठी सेवेची पुस्तकं नव्यानं लिहिली जात होती, आणि ज्यांच्या नावात, वयात चूक असेल त्यांनी महिन्याच्या आत शपथपत्र द्यावं असा हुकूम निघाला.

सुलोचनानं हा हुकूम शेजारच्या रमाकांतरावांकडून ऐकला. रमाकांतरावांचे आजोबा दरबारात फडणीशी करत, ते स्वतः हिशेबाच्या कचेरीत होते आणि त्यांचीही भोपाळला बदली झाली होती. सामान बांधता बांधता त्यांनी तिला शपथपत्राचा मसुदा लिहून दिला. 'मी सूर्याजी, माझ्या मयत भावाच्या नावे...' असं सगळं.

"वहिनी, चौकशी लागेल हां," ते म्हणाले. "पण माणसांची इतकी तंगी आहे की नोकरीतून काढणार नाहीत. फार तर जुनी सेवा कापतील. आत्ता दिलंत तर निभेल. नंतर नाही."

सुलोचनानं मसुदा आपल्या हातानं स्वच्छ कागदावर उतरवला. चार दिवस ती रोज नवऱ्याच्या पाठीमागे लागली. पाचव्या दिवशी सूर्याजीनं कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. ती दिवसभर दाराकडे बघत होती. विजयाबाई देवासमोर बसून होती, पण माळ हातातच राहिली.

सूर्याजी परत आला तेव्हा कागद खिशातच होता.

"साहेबांनी मला बोलूच दिलं नाही," तो म्हणाला. "गेलो तसे उठून उभे राहिले. माझ्यासाठी. म्हणाले, उस्ताद, नई लिस्ट में तुम्हारा नंबर तीसरा है, हवालदार हो गए समझो. दोनशे रंगरूट येतायत. दहा आठवड्यात तयार करायचे. तुमच्याशिवाय कोणी नाही."

"दहा आठवड्यात?"

"वरचा हुकूम आहे."

"आणि कागद?"

"कसा देऊ? तिसरा नंबर मानसिंगचा आहे, सुलोचना. सूर्याजीचा नंबर कुठेच नाही. आता कोणी मला सूर्याजी म्हणून हाक मारली तर मी वळणार पण नाही."

मग त्यानं दुसऱ्या खिशातून छापील फॉर्म काढला. नव्या पुस्तकात कुटुंबाचं पान होतं. पत्नीला आठ दिवसांत कचेरीत समक्ष आणून तिची सही किंवा अंगठा घ्यायचा होता. जुन्या दप्तरात पत्नीचं नाव विजयाबाई. मुली दोन, त्या शाळेत आधीच मानसिंगरावाच्या म्हणून लिहिलेल्या. त्यामुळे आई कोण, हेही आपोआप ठरत होतं.

सुलोचनानं फॉर्म वाचला, उलटा करून मागची बाजू पण वाचली. "म्हणजे मी कोण झाले?"

सूर्याजी बूट काढत होता. त्यानं वर बघितलं नाही.

कचेरीत जायच्या सकाळी विजयाबाई लुगडं नेसून तयार झाली आणि पाटावर बसून राहिली. कपाळ तसंच.

"असं कसं जमेल, वहिनी?" सूर्याजी दारातून म्हणाला. "ते नवरा जिवंत धरून चाललेत."

"मला माझ्या हातानं लावता येणार नाही, भाऊजी. अठरा वर्षं झाली. हात उचलत नाही. करायचं असेल तर जिचं आहे तिनं करावं."

सुलोचनानं करंडा आणला. मेण लावलं, बोटावर कुंकू घेतलं आणि जावेच्या कपाळावर टेकवलं. कुंकू जरा तिरकं लागलं. तिनं पदरानं कड पुसून नीट गोल केलं. मग आपल्या गळ्यातलं मंगळसूत्र काढून विजयाबाईच्या गळ्यात घातलं, आणि हिरव्या बांगड्या. विजयाबाईचे हात रुंद होते. बांगड्या साबण लावून चढवाव्या लागल्या.

"आरसा दे," विजयाबाई म्हणाली.

"कशाला?"

"बघते. मेले नव्हते तेव्हा कशी दिसत होते ते."

ती बराच वेळ बघत राहिली. बाहेर टांगेवाला घोड्याला हाका मारत होता. निघताना तिनं पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला, गल्लीला कपाळ दिसू नये म्हणून. तरी समोरच्या घरातली म्हातारी बोललीच, "काय गं विजया, सोळा सोमवारचं उद्यापन का?"

कचेरीत कारकुनानं विचारलं, "पति का नाम?" विजयाबाईनं मान खाली घातली. कारकून हसला. "समझ गया, नाम नहीं लेतीं. यहाँ अँगूठा लगाओ." काम पाच मिनिटांत झालं.

परत आल्यावर विजयाबाईनं कपाळ धुतलं, मंगळसूत्र काढून सुलोचनाच्या ओंजळीत ठेवलं. बांगड्या मात्र निघेनात. तीन दिवस त्या तिच्या हातात राहिल्या. चौथ्या दिवशी सुलोचना म्हणाली, "तेल लावून बघितलं का जाऊबाई?"

"बघते गं. घाई काय आहे? तुझ्या हातात दुसऱ्या आहेत ना?"

सूर्याजीला हवालदारकी मिळाली. दहा आठवड्यांची एक तुकडी गेली, दुसरी आली, तिसरी आली. तो घरी येऊन नुसता बसायचा. पूर्वी रंगरूटांच्या गमती सांगायचा, त्या बंद झाल्या. एकदा जेवताना म्हणाला, "आता पाय मिळवायला पण वेळ नाही. बंदूक हातात द्यायची आणि पाठवायचं. माझी सही असते त्यावर, 'तयार आहे' म्हणून. मानसिंगची."

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यात चांदमारीच्या मैदानात, जिथे गोळी मारायचा सराव घेतात, अंबाहवाल्याची बंदूक अडकली. तिसऱ्यांदा परत आणून त्याला नव्या तुकडीत घातला होता. बंदूक अडकली तर तोंड निशाणाकडेच ठेवायचं आणि हात वर करायचा, हा धडा नऊ महिन्यांच्या ट्रेनिंगमध्ये महिनाभर घोकून घेत. दहा आठवड्यांत तो एकदा सांगितलेला. अंबाहवाला बंदूक घेऊन सरळ मागे वळला आणि म्हणाला, "उस्ताद, ये चल नहीं रही." तेवढ्यात ती चालली.

पोलीस लाइनीत सलामी झाली. मोठे साहेब आले होते. बंदुका उलट्या धरून शिपाई उभे होते, त्यातल्या बहुतेकांचे पाय सूर्याजीनं मिळवलेले. टोपी, पट्टा आणि बिल्ला एका ताटात ठेवून साहेबांनी विजयाबाईच्या हातात दिलं. ती पांढऱ्या कपाळानं उभी होती. या वेळी तिला कोणाला सजवावं लागलं नाही. सुलोचना बायकांच्या घोळक्यात मागे होती. तिला दोघींनी धरलं होतं. पुढे खुर्चीवर बसलेल्या एका अधिकाऱ्याच्या बायकोनं शेजारणीला हळूच विचारलं, "वो पीछे कौन है, इतना रो रही है?"

"देवरानी है."

"अच्छा? घरवाली तो एकदम चुप है. देवरानी को ज़्यादा दुख है."

दहाव्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी सुलोचनाच्या बांगड्या फोडल्या. गल्लीला माहीत होतं.

अंबाहवाल्याला अटक झाली, मग सोडलं, मग कुठे गेला कळलं नाही. त्याची म्हातारी एकदा आली, दाराशी बसली, तशीच उठून गेली. विजयाबाईनं तिला पाणी दिलं. सुलोचना बाहेर आली नाही.

श्रावणात पेन्शनीची नोटीस आली. चौकशी अधिकारी घरी येऊन पाहणी करतील, घरातली सगळी माणसं हजर असावीत. विजयाबाईला वाचता येत नव्हतं. सुलोचनानं वाचून दाखवली.

"मी खरं सांगून टाकते," विजयाबाई म्हणाली. "सांगते, ही त्याची बायको, या तिच्या पोरी. मला काय करायचंय पेन्शन घेऊन? एकटा जीव."

सुलोचना कागदाकडे बघत होती. "खरं सांगितलं तर पेन्शन मला नाही मिळणार, जाऊबाई. कोणालाच नाही मिळणार. खोट्या नावानं नोकरी केली म्हणतील. पोरींना काय खायला घालू?"

मग विजयाबाईच म्हणाली, "अधिकारी विचारेल, ही धाकटी कोण? मी म्हणणार, सूर्याजीची बायको. आणि तू अशी, बिनकुंकवाची. तो म्हणेल, सूर्याजी पण गेला का? कधी? दाखला कुठाय?"

सुलोचनाला कळायला क्षणभर लागला. मग ती उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

अधिकारी यायच्या सकाळी मुलींना शिकवून ठेवलं. थोरल्या बाईला आई म्हणायचं, आईला काकू. चौदा वर्षांची उषा उठून शेजारी निघून गेली. तिला हाताला धरून आणावं लागलं. कुसुमनं एवढंच विचारलं, "ते गेल्यावर परत आई म्हणायचं ना?"

विजयाबाईनं करंडा आणला आणि पाट मांडला.

"मला नाही जमणार," सुलोचना म्हणाली.

"मी बसले होते ना तुझ्यापुढं? बस."

सुलोचना बसली. विजयाबाईचा हात स्थिर होता. कुंकू एका खेपेत गोल लागलं. मग तिनं आपल्या पेटीतून हिरव्या बांगड्या काढल्या, दोन वर्षांपूर्वीच्याच. कधी निघाल्या होत्या हातातून, कधी जपून ठेवल्या, सुलोचनानं विचारलं नाही. त्या तिच्याच होत्या, आणि सहज चढल्या.

अधिकारी जबलपूरकडचा, तरुण, बोलायला गोड. चहा घेतला. विजयाबाईला "माताजी" म्हणाला. मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कागद मांडीवर घेऊन सुलोचनाकडे वळला.

"और आप?"

"मेरी देवरानी," विजयाबाई म्हणाली.

"आपके पति का नाम?"

सुलोचनाचे ओठ हलले. नाव बाहेर आलं नाही. सोळा वर्षांत आलं नव्हतं.

"सूर्याजी," विजयाबाईनं सांगितलं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं.

"क्या करते हैं?"

"पहले पलटन में थे. पलटन टूट गई. अब दखन गए हैं, काम देखने."

"काम देखने?" अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "अरे माताजी, यहाँ आदमी ढूँढते-ढूँढते हमारे जूते घिस गए, और उस्तादजी का सगा भाई दखन में भटक रहा है? उमर क्या है?"

"अड़तीस."

"छूट दिला देंगे. पलटन का आदमी है, कुछ सिखाना भी नहीं पड़ेगा. वैसे भी ट्रेनिंग अब आठ हफ़्ते की है." त्यानं पिशवीतून कोरा फॉर्म काढून सुलोचनासमोर धरला. "उस्तादजी की जगह खाली पड़ी है. घर का आदमी आ जाए तो सबसे अच्छा. उनसे कहिएगा, ज़रूर."

सुलोचनानं फॉर्म घेतला. "आएँगे तो कहूँगी," ती म्हणाली.

अधिकारी गेला. त्याचा टांगा वळणावरून दिसेनासा होईपर्यंत दोघी दारात उभ्या होत्या. मग विजयाबाई ओलं फडकं घेऊन आली. सुलोचना जमिनीवर बसली होती. तिनं उषाच्या दप्तरातून दौत आणि टाक काढला होता, फॉर्म पाटावर सरळ केला होता.

नाव घ्यायला बंदी होती. लिहायला नव्हती. तिनं सावकाश लिहिलं, सूर्याजी विश्वासराव भोईटे. वय, अडतीस. पत्नी, सुलोचना. अपत्यं, दोन: उषा, कुसुम. खाली अर्जदाराच्या सहीची जागा होती, ती तिनं सोडून दिली.

"झालं असेल तर ये," विजयाबाई म्हणाली. "कपाळ पुसते."

"थांबा," सुलोचना म्हणाली. "शाई वाळू दे."